वाड्यातल्या दोन खोल्या आणि वकिलाची नोटीस

पुण्यातल्या पेठेत राहणाऱ्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आहेत, भाडं महिना ८५ रुपये. भाडेपावत्या अजून सासऱ्यांच्या नावाने आहेत. ते १९९८ साली गेले, यजमान २०१९ साली गेले. आता घरात त्या आणि त्यांच्या ८१ वर्षांच्या सासूबाई असतात. मुलाने वाकडला फ्लॅट घेतला आहे. जुन्या मालकीणबाई होत्या तोवर भाडं हातात द्यायचं आणि पावती घ्यायची असं चाललं होतं. त्यांच्यानंतर नातू कारभार बघू लागला. भाडं द्यायला गेलं की ‘राहू द्या काकू, घेतो नंतर’ म्हणायचा. अशी चार वर्षं गेली. गेल्या महिन्यात त्याच्या वकिलाची नोटीस आली: ४८ महिन्यांचं भाडं थकलं आहे, जागा मालकाला स्वतःच्या दवाखान्यासाठी हवी आहे, ३० दिवसांत रिकामा ताबा द्या, नाहीतर महिना १५,००० रुपये नुकसानभरपाई द्या. त्यानंतर आलेलं दुसरं पाकीट ताईंनी घाबरून घेतलंच नाही. भाचा म्हणतो, करार नाही म्हणजे हक्कही नाही. खालच्या मजल्यावरचे शेजारी म्हणतात, बारा वर्षं राहिलं की घर आपलंच. कोथरूडला राहणारे दीर म्हणतात, मालक सहा लाख देतोय, घेऊन मोकळे होऊ, निम्मे निम्मे. ताई विचारतात, ‘३० दिवस संपले की सामान बाहेर काढतील का? कुलूप लावून काही महिने मुलाकडे जाऊन राहू का? आणि खरं सांगू, इतकी वर्षं ८५ रुपयांत राहिलो, आता भांडायचा आपल्याला अधिकार तरी आहे का, असंही मनात येतं.’

प्रिय ताई,

नोटिशीचा फोटो पाठवलात ते चांगलं केलंत. ‘माझ्या अशिलाच्या सूचनेवरून आपणांस कळविण्यात येते की...’ अशी तिची सुरुवात आहे. हे वाक्य नीट वाचा. हे मालकाच्या वकिलाचं पत्र आहे. त्यावर न्यायालयाचा शिक्का नाही, दाव्याचा क्रमांक नाही, न्यायाधीशांची सही नाही. तुम्हाला घराबाहेर काढायचा जितका अधिकार त्या वकिलांना आहे, तितकाच तुम्हाला त्यांना त्यांच्या ऑफिसातून बाहेर काढायचा आहे. ३० दिवस संपले म्हणून कुणी टेम्पो घेऊन दारात उभं राहू शकत नाही.

भाडेकरूला कायदेशीरपणे बाहेर काढायचं तर मालकाला लघुवाद न्यायालयात, म्हणजे भाड्याचे वाद चालतात त्या न्यायालयात, दावा लावावा लागतो. मग तुम्हाला समन्स येतं, तुम्ही लेखी कैफियत, म्हणजे तुमचं उत्तर, देता, दोन्हीकडचे पुरावे होतात, उलटतपासणी होते, निकाल लागतो. निकाल विरोधात गेला तर ३० दिवसांत अपील करता येतं. हुकूमनामा कायम राहिला तरी मालकाला दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करावी लागते आणि ताबा घ्यायला न्यायालयाचा बेलिफ येतो, मालकाची माणसं नव्हेत. जागेचा स्थिर ताबा असलेल्या माणसाला कायद्याच्या मार्गाशिवाय हुसकावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने कृष्णा राम महाळे यांच्या खटल्यात १९८९ साली स्पष्ट सांगितलं आहे. कुणी तसं केलंच तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो. त्या दाव्यात घर कुणाच्या मालकीचं हा प्रश्नच येत नाही, ताबा कुणाचा होता एवढंच बघतात. जिन्यातला दिवा काढला, चौकातल्या नळाला कुलूप घातलं, संडासाचं पाणी बंद केलं, असले प्रकार सुरू झाले तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ खाली थेट न्यायालयात अर्ज करता येतो. पेठांमधल्या वाड्यांत दाव्याआधी नळाचंच राजकारण चालतं, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

पण नोटीस म्हणजे हुकूम नाही, याचा अर्थ ती पोळपाटाखाली सरकवून ठेवावी असा नाही. दुसरं पाकीट तुम्ही घेतलं नाहीत, ते मात्र चुकलं. पोस्टमनने ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारला की कायद्याच्या नजरेत ते पत्र बहुधा पोचल्यासारखंच धरतात. म्हणजे मजकूर तुम्हाला माहीत नाही, आणि मुदत मात्र चालू झाली. पुढे समन्स आलं आणि बेलिफला दारातून परत पाठवलंत तर तो ते दाराला चिकटवून जाईल. तुम्ही हजर झाला नाहीत तर दावा एकतर्फी चालेल. अशा निकालाने घर गेलं की जी हळहळ वाटते, ती भांडून हरल्यावर वाटत नाही. त्यामुळे इथून पुढे येणारा प्रत्येक कागद सही करून घ्या आणि पाकिटावर तारीख लिहून ठेवा.

आता भाड्याकडे येऊ. तुमच्या प्रकरणाचा सगळा जीव तिथे आहे, आणि सगळा धोकाही.

‘तोच घेत नव्हता, मग माझी काय चूक?’ असं तुम्ही लिहिलंय. माणुसकीच्या हिशेबाने तुमची काहीच चूक नाही. पण चार वर्षांनी न्यायालयात तो ‘मी कधी नको म्हटलं?’ असं विचारेल, तेव्हा तुमच्याकडे दाखवायला काय आहे? जिन्यात झालेलं बोलणं. जुन्या भाडेकरूंकडे एक पत्र्याची पेटी असायची. त्यात परत आलेल्या मनीऑर्डरींचे फॉर्म जपलेले असायचे, प्रत्येकावर पोस्टाचा नकाराचा शेरा. मालक भाडं घेईना की दर महिन्याला मनीऑर्डर करायची आणि परत आली की फॉर्म पेटीत ठेवायचा, हे त्या पिढीला शिकवावं लागत नव्हतं. आपण मोबाइलवरून पैसे पाठवायला शिकलो आणि ही सवय मोडली.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चं कलम १५ तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे. भाडेकरू रीतसर भाडं देतो आहे किंवा द्यायला तयार आहे, तोवर केवळ भाड्याच्या कारणावरून त्याला काढता येत नाही, असं ते सांगतं. थकबाकीच्या कारणावर दावा लावायचा तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून ९० दिवस जाऊ द्यावे लागतात. तुमच्या नोटिशीत ३० दिवस लिहिलेत. वकिलांना ९० माहीत नसतील असं मला वाटत नाही. तुम्हाला माहीत नसतील, असं त्यांना वाटलं असावं. शिवाय दावा लागलाच तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी, त्यावर १५ टक्के साधं व्याज आणि दाव्याचा खर्च न्यायालयात भरला, आणि पुढे निकालापर्यंत भाडं नियमित भरत राहिलं, तर थकबाकीच्या कारणावर ताब्याचा हुकूम होत नाही.

आकडे मांडून बघा. ४८ महिने गुणिले ८५, म्हणजे ४,०८० रुपये. प्रत्येक महिन्याच्या भाड्यावर वर्षाला १५ टक्के धरलं तर व्याज साधारण १,२०० होतं. सगळं मिळून ५,३०० च्या आत. दोन खोल्यांवरचा मोठ्यातला मोठा आरोप एवढ्या पैशांत निकालात निघू शकतो. या महिन्यात हेच काम आधी करायचं आहे.

कसं करायचं ते सांगते. चार ओळींचं पत्र लिहा: अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंतचं भाडं मी वेळोवेळी द्यायला आले होते, तुम्ही घेतलं नाही, ते सोबत धनादेशाने पाठवते आहे, कृपया पावती द्यावी. पत्र मालकाला स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती मागा, प्रत त्याच्या वकिलांना पाठवा. आणखी एक प्रत स्वतःकडे ठेवायला विसरू नका. पाकीट परत आलं तर फोडू नका. बंद पाकीट, वर पोस्टाचा शेरा, हा न्यायालयात चालणारा पुरावा आहे. फोडलेलं पाकीट म्हणजे नुसता कागद. यापुढे दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मनीऑर्डर किंवा धनादेश पाठवा. रोख द्यायची वेळ आली तर पावतीशिवाय देऊ नका. पावती देणं मालकावर कलम ३१ ने बंधनकारक आहे. नोटिशीतले महिना १५,००० रुपये हा मालकाने मागितलेला आकडा आहे, तुम्ही देणं लागत असलेला नव्हे. भाडं मनाला येईल तसं वाढवता येत नाही. कलम ११ प्रमाणे वर्षाला चार टक्क्यांची वाढ मालक घेऊ शकतो आणि काही सुधारणांच्या खर्चापोटी वेगळी वाढ मागू शकतो. आजवर त्याने चार टक्क्यांची वाढ कधी मागितली होती का, कर वेगळा द्यायचा ठरलं होतं का, हे जुन्या पावत्यांवरून तपासा आणि वकिलांना दाखवा. आकड्यावरच वाद असेल तर प्रमाणित भाडं न्यायालयाकडून ठरवून घेता येतं.

पावत्या सासऱ्यांच्या नावाच्या आहेत याची तुम्हाला फार धास्ती दिसते. तिचं तितकं कारण नाही. भाडेकरू वारला की त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसाकडे भाडेकरूचा हक्क येतो, अशी तरतूद कायद्यात ‘भाडेकरू’ या शब्दाच्या व्याख्येतच आहे, कलम ७ च्या पोटकलम १५ मध्ये. तुम्ही लग्न होऊन आलात ती याच घरात. यजमान गेले तेव्हा तुम्ही आणि सासूबाई तिथेच राहत होतात. हे दाखवणारे कागद गोळा करा: रेशनकार्ड, मतदार यादीतलं नाव, दोन्ही मृत्यूचे दाखले, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता, महावितरणची जुनी बिलं, गॅसचं पुस्तक. लेखी करार नाही म्हणून घाबरू नका. तुमच्या सासऱ्यांच्या काळात वाड्यातल्या खोल्या शब्दावर दिल्या जायच्या, पावती हाच करार असे. आणि आताच्या कायद्यात करार नोंदवून घ्यायची जबाबदारी मालकावर टाकली आहे, ती तुमच्यावर नाही.

मग दिरांचं काय? ते कितीतरी वर्षं कोथरूडला राहतात. घरात राहणारी माणसं असताना बाहेर राहणाऱ्याचा भाडेहक्क पुढे येणं अवघड आहे. पण मालकाने त्यांना गाठून एखाद्या कागदावर सही घेतली तर नसता गुंता होईल. त्यांच्याशी भांडू नका. जेवायला बोलवा आणि शांतपणे सांगा की भाऊजी, तुम्ही परस्पर काही लिहून देऊ नका, आधी मी उत्तर पाठवते, मग बसून बोलू.

भाचा खोटं बोलत नाही, तो त्याच्या घराचा कायदा सांगतो आहे. तो खराडीला अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहतो. अशा वाचकांची पत्रंही येतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडक्यात. तुमची मुदत संपली असेल आणि मालक कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे गेला असेल तर बाजू मांडायची परवानगी समन्सनंतर ३० दिवसांत प्रतिज्ञापत्रासह मागावी लागते. ती मागितली नाही तर मालकाचं म्हणणं मान्य केलं असं धरलं जातं. मुदतीनंतर राहिलेल्या दिवसांचं ठरलेल्या शुल्काच्या दुपटीने देणं लागू शकतं. त्या प्रकरणात ताणून धरण्यात अर्थ नसतो. डिपॉझिट परत घेऊन, मीटरचं रीडिंग आणि खोल्यांचे फोटो काढून, ताबा दिल्याचं लिहून घेऊन निघावं. पण मुदत शिल्लक असताना ‘पुढच्या आठवड्यात खाली करा’ म्हणत असतील तर आधी करारातला नोटिशीचा कालावधी वाचा.

शेजाऱ्यांचं ‘बारा वर्षांनी घर आपलं’ हे वाक्य मात्र तोंडातून काढू नका. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या सल्ल्यांत याहून घातक सल्ला मी पाहिलेला नाही. भाडेकरू म्हणून आत आलेला माणूस कितीही वर्षं राहिला तरी भाडेकरूच राहतो. उलट ‘मालक मालकच नाहीत’ असं लेखी म्हटलंत तर भाडेहक्क गमावायचं निमित्त तुम्हीच त्यांच्या हातात द्याल. तुमचा कायदेशीर आधार भाडेकरू असण्यातच आहे. म्हणून उत्तरात ‘मी आपली भाडेकरू असून’ असं ठसठशीत लिहा.

कुलूप लावून वाकडला जायचा विचार मी समजू शकते. रात्री झोप लागत नाही, जिन्यात पाऊल वाजलं की धडकी भरते, असं तुम्ही लिहिलंय. पण नेमकं तेच करू नका. सबळ कारण नसताना जागा सलग सहा महिने वापरात नसेल तर तेवढ्या कारणावर ताबा मागता येतो, कलम १६ मध्ये ते वेगळं कारण म्हणून दिलेलं आहे. सहा महिने दर महिन्याला शून्य युनिटचं बिल आलं की समोरचे वकील ते पहिल्या कागदाला टाचतील. आठ-पंधरा दिवस मुलाकडे जाऊन या, जीव निवेल. सासूबाईंच्या उपचारासाठी जास्त दिवस राहावं लागलं तर दवाखान्याचे कागद जपा. पण घर चालतं ठेवा.

मालकाला दवाखान्यासाठी जागा हवी, हे कारण मी हलक्यात काढणार नाही. इथे तुम्हाला गोड बोलून फसवायचं नाही. मालकाला खरी आणि प्रामाणिक गरज असेल तर ताबा मिळू शकतो, आणि आपली गरज काय हे मालकाने ठरवायचं, भाडेकरूने त्याला उपदेश करू नये, अशी न्यायालयांची सर्वसाधारण भूमिका आहे. पण नुसती गरज सिद्ध करून भागत नाही. ताबा दिल्यावर तुम्हाला जास्त त्रास होईल की न दिल्यावर मालकाला, याचंही मोजमाप न्यायालय करतं. दोघांकडे दुसरी सोय आहे का, ते बघतं. जागेचा काही भाग दिल्याने भागत असेल तर तेवढ्यापुरताच हुकूमही देऊ शकतं. म्हणून दोन गोष्टी करा. वाड्यात रिकाम्या झालेल्या खोल्या किती, त्यांना कुलूप कधीपासून आहे, तळमजला कुणाला दिला, हे एका वहीत तारखांसह लिहा. पहिल्या मजल्यावर, लाकडी जिन्याच्या वाड्यात दवाखाना, आणि खाली दोन खोल्या बंद, हे न्यायाधीशांनाही विचारावंसं वाटेल. दुसरं, त्याच भागात परवडेल अशी जागा शोधल्याची नोंद ठेवा: कुणाला फोन केला, किती भाडं सांगितलं. ‘मला दुसरी जागा मिळत नाही’ एवढं म्हणून चालत नाही, शोधली होती का असं उलटतपासणीत हमखास विचारतात. वाकडचा फ्लॅट मुलाच्या नावावर आहे, पण त्याचा उल्लेख तिकडून होणारच. सासूबाईंचं औषधपाणी, डॉक्टर, तुमचं शिवणकामाचं गिऱ्हाईक, सगळं पेठेत आहे, हे तेव्हा सांगता आलं पाहिजे.

नोटिशीत नसलेली एक धमकी तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिली आहे. ‘पालिकेची नोटीस आणून वाडाच पाडतो.’ धोकादायक इमारतीची नोटीस पालिका देऊ शकते, आणि भिंत खरोखर कललेली असेल तर जिवापेक्षा हक्क मोठा नाही, बाहेर पडा. पण बाहेर पडण्याआधी पालिकेकडून भाडेकरूंची यादी आणि प्रत्येकाच्या ताब्यातलं क्षेत्र लेखी नोंदवून घ्या, सगळ्या भाडेकरूंनी मिळून अर्ज करा, खोल्यांचे मोजमापासह फोटो काढा. इमारत पाडली म्हणजे भाडेहक्क आपोआप संपत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शहा रतनशी खिमजी प्रकरणात दिला आहे. मुंबईच्या उपकरप्राप्त इमारतींत, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर घेतला जातो अशा जुन्या इमारतींत, राहणाऱ्या वाचकांचे नियम वेगळे आहेत, तिथे म्हाडाचा संबंध येतो आणि पुनर्विकासात किमान ३०० चौरस फुटांची जागा मिळायची तरतूद आहे. ते पुण्याला जसंच्या तसं लावू नका.

आता तुमच्या मनातल्या त्या प्रश्नाबद्दल. ८५ रुपयांत राहिलो, मग भांडायचा अधिकार आहे का?

या प्रश्नात एक गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे, की ८५ रुपये हे तुमच्यावरचे उपकार होते. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याचा आधार धरून दर बांधून टाकले. युद्धानंतरची घरटंचाई आणि फाळणीच्या काळातली गर्दी बघता तेव्हा ते योग्यच होतं. पुढे पन्नास वर्षं ते तसंच राहिलं आणि मालकांचं खरोखर नुकसान झालं. भाडं असं गोठवून ठेवणं अवाजवी झालं आहे, असं सर्वोच्च न्यायालयानेच १९९७ साली मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात म्हटलं, आणि त्यानंतर १९९९ चा कायदा आला. म्हणजे मालकाच्या नातवाची तक्रार पोकळ नाही. छपराची कौलं बदलायला ८५ रुपयांत माणूसही मिळत नाही. पण त्याची दाद मागायचा रस्ता तुम्हाला ३० दिवसांची भीती घालण्यातून जात नाही. त्याला भाडं वाढवून हवं असतं तर कायद्यातली वाढ मागता आली असती. त्याने चार वर्षं भाडं घेतलंच नाही, आणि मग थकबाकीची नोटीस पाठवली. यात भोळेपणा आहे असं तुम्हाला वाटतं का? मला नाही वाटत.

संकोच बाजूला ठेवलात की खरा प्रश्न उरतो: तुम्हाला तिथे राहायचं आहे का? पत्रात तुम्ही लिहिलंय की संडास खाली चौकात आहे, सासूबाईंना जिना उतरवत नाही, रात्री त्यांना धरून न्यावं लागतं. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात. हे वाचताना मला वाटलं की तुम्हाला जायचं आहे, पण हाकललेलं म्हणून जायचं नाही. असं असेल तर त्यात कमीपणा काही नाही, आणि तुमची बाजू उलट भक्कम होते. भाडं भरलेला, नोटिशीला वेळेत उत्तर दिलेला भाडेकरू बोलायला बसला की मालकही वेगळ्या सुरात बोलतो. दहा वर्षं तारखा करायची त्यालाही हौस नसते.

सहा लाख हा आकडा कुठून आला, ते विचारा. वाड्याच्या जागी इमारत उभी राहणार असेल तर बिल्डरशी बोलणी झालेली असतात, आणि तुमचा ताबा किती मोलाचा आहे हे मालकाला चांगलं माहीत असतं. पैसे घ्यायचे की नव्या इमारतीत जागा, हे दोन वेगळे सौदे आहेत. पैसे घेणार असाल तर ताबा देण्याच्या दिवशी, त्याच टेबलावर, सगळी रक्कम बँकेत जमा झाल्याचं बघूनच किल्ली द्या. भाडेहक्क सोडल्याचा लेख नोंदणीकृत करा. दावा चालू असेल तर तडजोड न्यायालयात नोंदवून घ्या. ‘आधी खाली करा, महिन्यात देतो’ या बोलीवर पेठांतून गेलेली किती कुटुंबं अजून फेऱ्या मारतात, ते विचारू नका. जागा घेणार असाल तर कार्पेट क्षेत्र चौरस फुटांत, मजला, लिफ्ट, बांधकाम होईपर्यंतचं भाडं कोण देणार आणि दर महिन्याच्या कितव्या तारखेला, हे सगळं मालक आणि बिल्डर दोघांच्या सह्यांच्या नोंदणीकृत करारात असलं पाहिजे. माझं मत विचाराल तर सासूबाईंच्या गुडघ्यांकडे बघता मी दुसरा पर्याय आधी तपासला असता. पण बांधकाम किती वर्षं चालेल याची खात्री नसेल आणि हातात येणारी रक्कम पेठेजवळ तळमजल्यावर एखादी खोली घ्यायला पुरत असेल, तर पैसे घेण्यातही शहाणपण आहे. निम्मे दिरांना द्यायचे की नाही हा कायद्याचा प्रश्न नाही. तो तुम्ही आणि सासूबाई मिळून ठरवा, मालकाने नाही.

या आठवड्यात तुमच्यापुढे एकच काम आहे: नोटिशीला वकिलामार्फत उत्तर. त्यात चार गोष्टी असाव्यात. मी कायदेशीर भाडेकरू आहे. मालकाने भाडं घ्यायला नकार दिल्यामुळे थकबाकी राहिली, ती सोबत पाठवते आहे. मालकाची गरज मला मान्य नाही. कायद्याच्या मार्गाशिवाय ताबा घ्यायचा प्रयत्न झाला तर मी न्यायालयात जाईन. चिडून जास्त लिहू नका. नोटिशीच्या उत्तरातलं प्रत्येक वाक्य पुढे तुमच्याच विरुद्ध वाचून दाखवता येतं.

वकिलाच्या फीची काळजी वाटत असेल तर शिवाजीनगरच्या न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० हा त्यांचा देशभर चालणारा फोन नंबर आहे. जाताना नोटीस, न घेतलेल्या पाकिटाची पोस्टाकडून मिळेल ती माहिती, पावत्या, दोन मृत्यूचे दाखले, रेशनकार्ड आणि विजेची बिलं बरोबर न्या. मूळ कागद कुणाकडे ठेवून येऊ नका, झेरॉक्स द्या. मुलालाही बरोबर न्या. ‘आई, सोडून दे’ म्हणण्याआधी काय सोडायचं आहे ते त्याने एकदा वकिलांकडून ऐकलेलं बरं.